स्मृतीचे दफ्तर

मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरांटी कंपनीच्या साहाय्याने सिद्ध केलेला आणि ७ डिसेंबर १९६२ रोजी कार्यान्वित झालेला ‘अ‍ॅटलस’ संगणक ज्या एका गोष्टीसाठी चिरस्मरणीय ठरावा, ती ही की प्रोग्रामने मागितलेला पत्ता आणि माहितीचे प्रत्यक्ष ठिकाण यांची तोवर अतूट मानलेली गाठ त्याने सोडविली. त्याची मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची, म्हणजे ५१२ शब्दांचे एक याप्रमाणे ३२ पानांची. उरलेला पसारा फिरत्या ड्रमवर असे, आणि हवे ते पान तेथून आणण्याचे, पूर्वी प्रोग्रामरच्या माथी असलेले काम यंत्रणाच परभारे उरकीत असे.

ते ओझे नाहीसे झाले नाही. ते कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, लिहिणाऱ्याच्या शिरावर आले. इंटेलच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरात ३२ बिटांच्या आभासी, म्हणजे प्रोग्रामने मागितलेल्या, पत्त्यातले वरचे १० बिट पत्ते जुळविणाऱ्या पहिल्या सारणीतली नोंद दाखवितात, त्या नोंदीवरून सापडलेल्या दुसऱ्या सारणीत मधले १० बिट भौतिक, म्हणजे प्रत्यक्ष स्मृतीतल्या, पानाचा ठाव देतात, आणि शेवटचे १२ बिट ४,०९६ बाइटांच्या त्या पानातली नेमकी जागा. नोंद ४ बाइटांची आणि नोंदी १,०२४, म्हणून प्रत्येक सारणीही बरोबर एका पानात बसते. हा मेळ मला फार सुंदर वाटतो. सातबाऱ्यावर जमिनीसोबत हक्कही नोंदलेले असतात, तद्वत पान हजर आहे काय, त्यावर लिहिण्याची मुभा आहे काय, सामान्य प्रोग्रामला तेथे मज्जाव आहे काय, याचा खुलासा नोंदीच्या खालच्या बिटांत असतो.

परंतु खरी कसोटी सारण्यांचे हे दफ्तर अमलात आणण्याच्या क्षणी लागते. सीआर३ या रजिस्टरमध्ये पहिल्या सारणीचा भौतिक पत्ता ठेवून सीआर० मधला सर्वांत वरचा बिट चढविला, की लगेच पुढची सूचनासुद्धा सारणीतूनच शोधली जाते. ती सूचना असलेल्या पानाची नोंद आगाऊ केलेली नसेल, तर पेज फॉल्ट, म्हणजे पान न सापडल्याची तक्रार, हाताळणारा कोडही सापडत नाही आणि यंत्र मुळापासून पुन्हा सुरू होते. यास्तव त्या पानाचे आभासी व भौतिक पत्ते तात्पुरते एकच ठेवतात आणि कर्नल आपल्या वरच्या पत्त्यावर गेल्यावर ती नोंद रद्द करतात. तेवढ्यानेही भागत नाही, कारण प्रोसेसरने टीएलबी या आपल्या अंतर्गत साठ्यात जपलेली त्या नोंदीची जुनी नक्कल आपोआप मिटत नाही. सीआर३ पुन्हा भरून ती मिटवावी लागते.

या विद्येकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने यंत्राला हात लावण्यापूर्वी एखादा पत्ता कागदावर घेऊन, त्याची १०, १०, १२ अशी फोड करून, तो स्वतः शोधून पाहावा.