हर्षलाच्या माथ्यावरील हवा

जेथें कोणी जाऊं शकत नाहीं, तेथील हवेचें उष्णतामान कसें मोजावें? आपल्या पंचांगांत ज्यास हर्षल म्हणतात, त्या युरेनस ग्रहाविषयीं ज्योतिर्विदांपुढें हाच प्रश्न होता. त्यांची युक्ति साधी आहे. ग्रह चालतां चालतां एखाद्या ताऱ्याच्या आड येतो. यास पिधान म्हणतात. चंद्राआड जाणारा तारा फुंकर घातलेल्या दिव्यासारखा एका क्षणांत नाहींसा होतो, कारण चंद्रास वातावरण नाहीं म्हटलें तरी चालेल. हर्षलाआड जाणारा तारा मात्र हळूहळू मंदावतो. त्याचे किरण तेथील विरळ हवेंत वांकून फांकतात. हवा तप्त असेल तर ती उंचवर फुगलेली असते व ताऱ्यास मालवावयास वेळ अधिक लागतो. घड्याळानें ताप मोजण्याचाच हा प्रकार!

१० मार्च १९७७ रोजीं असा योग आला. जेम्स इलियट व त्यांचे सहकारी दुर्बीण बसविलेल्या विमानांतून हिंदी महासागरावर गेले. इकडे तामिळनाडूंतील कावलूरच्या वेधशाळेंत जे. सी. भट्टाचार्य व के. कुप्पुस्वामी वेध घेत होते. ग्रह आड येण्यापूर्वींच तारा क्षणभर मंदावला. कावलूरकरांस तो नवा उपग्रह वाटला. विमानांतील मंडळींस मात्र असे क्षणिक अंधार ग्रहाच्या दोन्ही बाजूंस, पांच अलीकडे व पांच पलीकडे, जुळते आढळले. तीं ग्रहाभोंवतींचीं कडीं होतीं! कावलूरच्या अनुमानास कोणीं हंसूं नये. एकच छाया दिसल्यावर दुसरें काय सुचावें?

पिधानानें जो थर कळतो, त्याहून वर काय आहे? २४ जानेवारी १९८६ रोजीं व्हॉयेजर-२ हें यान जवळून गेलें, तेव्हां नवल कळलें. खालीं एका थरांत शून्याखालीं २२० अंश सेंटिग्रेडांहूनहि अधिक थंडी, आणि माथ्यावर कित्येक शतें अंशांची धग. सूर्य तेथून आपल्यापेक्षां एकोणीसपट दूर. त्याच्या उन्हाचें हें काम नव्हे. ही फुगलेली हवा कड्यांतील बारीक धूळहि ओढून नेते.

१९९२ पासून पृथ्वीवरून, तीन हायड्रोजन-अणूंच्या विद्युद्भारित कणांचा अवरक्त प्रकाश तपासून, ही धग मोजतात. आणि ती वर्षानुवर्षें निवत चालली आहे. ऋतुमानाचा परिणाम म्हणावा, तर ८४ वर्षांच्या त्या संवत्सरांतला विषुवदिन २००७ सालीं होऊन गेला, तरी उतार थांबला नाहीं. २०२४ सालीं कांहीं संशोधकांनीं याचा संबंध सौरवाऱ्याच्या क्षीण होण्याशीं जोडला. मला हा तर्क पटतो. पण व्हॉयेजरनंतर तेथें दुसरें यान गेलेलें नाहीं. ७ एप्रिल २०२५ रोजीं हर्षल पुन्हां एका ताऱ्याआड आला, तेव्हां उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांतील अनेक वेधशाळा घड्याळें लावून बसल्या होत्या.