हळदीचं पेटंट आणि काविळीची माळ

'हळदीचं पेटंट अमेरिकेत गेलं होतं, आपण ते हाणून पाडलं, म्हणजे हळद औषध आहे हे अमेरिकेलाही मान्य करावं लागलं.' हा युक्तिवाद लग्नाच्या पंगतीपासून दवाखान्याच्या बाकड्यापर्यंत कुठंही ऐकू येतो. त्यातली घटना खरी आहे. १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातल्या दोन संशोधकांच्या नावे जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट निघालं. सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेनं त्याला आव्हान दिलं. तेव्हा संस्थेचे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. १९९७मध्ये पेटंट रद्द झालं.

निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. पेटंट रद्द झालं ते 'यात नवीन काही नाही' म्हणून. तिथं प्रश्न एवढाच होता की हा उपाय आधीपासून माहीत होता की नव्हता. पुरावे म्हणून जुने संस्कृत दाखले आणि १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला एक लेख मांडला गेला. हळदीनं जखम बरी होते का, हे त्या खटल्यात कुणी तपासलं नाही, तपासायचं कारणही नव्हतं. उपाय जुना आहे, एवढंच सिद्ध झालं. घरगुती उपायांबद्दलचे निम्मे गैरसमज इथूनच निघतात: जुना आहे ना, मग लागू पडत असणारच.

हळदीपुरतं बोलायचं तर तिच्यातलं करक्युमिन प्रयोगशाळेत जंतूंवर आणि सुजेवर परिणाम करतं, हे खरं. पण हळदीच्या पुडीत ते साधारण दोन ते पाच टक्केच असतं, आणि पोटातून रक्तात फारच थोडं उतरतं. मिऱ्यातल्या पिपरिनमुळं ते जास्त शोषलं जातं, म्हणून हळद-दुधात मिरपूड टाकण्यात तथ्य आहे. घसा दुखताना हे दूध प्यायल्यानं बरं वाटतं, त्यात ऊबेचा वाटाही मोठा. जखमेचं गणित वेगळं. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि रंग गडद दिसावा म्हणून तिच्यात शिसं असलेल्या लेड क्रोमेटची भेसळ होते हे उघड झालेलं आहे. चिरलं, खरचटलं तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, स्वच्छ कापडानं दाबून धरायचं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनची मुदत बघायची. बाळाच्या नाळेवर तर हळद, राख, तेल, शेण यातलं काहीच नको. नाळ कोरडी आणि उघडी ठेवली की आपोआप गळते.

माळ वाढते, कावीळ उतरते

काविळीची माळ महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. शिकलेल्या घरांतही 'डॉक्टरांचं चालू द्या, पण माळही घालून घ्या' असा सल्ला मिळतो. झाडाच्या कोवळ्या देठांचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफलेले असतात. आधी टाळूवर बसणारी ही माळ दिवसागणिक लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात येते, तिथून छातीवर. जितकी लांबली तितकी कावीळ तिनं ओढून घेतली, असं मानतात. प्रत्यक्षात ओले देठ वाळतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि दोरा मोकळा होतो. हीच माळ खुंटीला टांगली तरी लांबते.

दुसरा प्रकार हात धुण्याचा. रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळंजर्द होतं आणि बघणारे गार होतात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. सालीचा रस आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येतो. धडधाकट माणसाच्या हातांनीही तो येतो. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते शाळाशाळांतून हे करून दाखवतात.

मग माणसं बरी कशी होतात? आपल्याकडची बरीचशी कावीळ 'हेपटायटिस ए' किंवा 'ई' या विषाणूंमुळं होते. दोन्ही दूषित पाण्यातून पसरतात आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप ओसरतात. माळ लांबायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून श्रेय माळेला मिळतं. अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या की आमसुलाचं पाणी चोळतात, तिथंही असंच घडतं. गार पाण्यानं खाज थोडी शमते हे खरं, पण एकेक गांध बहुधा चोवीस तासांत काही न लावताही जिरते. आमसुलानं नुकसान नाही, लावा. फक्त ओठ किंवा जीभ सुजली, श्वास अडकू लागला तर आमसूल भिजत घालत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

कावीळ मात्र इतकी निरुपद्रवी नाही. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत 'ई' प्रकारची कावीळ तीव्र झाली तर चार-पाचांतल्या एकीचा जीव जातो. पित्तनलिकेतला खडा, लेप्टोस्पायरोसिस, प्रमाणाबाहेर घेतलेलं पॅरासिटामॉल यांच्यामुळंही डोळे पिवळे होतात, आणि तिथं माळेची वाट बघण्यात गेलेला आठवडा महागात पडतो. रोगी गुंगू लागला, असंबद्ध बोलू लागला, हिरड्यांतून रक्त येऊ लागलं तर ते यकृत हात टेकत असल्याचं लक्षण आहे. नाकात थेंब सोडणारे आणि मनगटावर डाग देणारे वैदू यावर काहीही करू शकत नाहीत.

पथ्याचीही एक गंमत आहे. काविळीत हळद बंद करतात, कारण ती पिवळी. डोळ्यांतला पिवळेपणा बिलिरुबिनचा असतो, त्याचा फोडणीतल्या हळदीशी संबंध नाही. उलट उसाचा रस आग्रहानं पाजतात. साखरेनं तरतरी येते, तेवढं ठीक. पण गाड्यावरच्या रसातला बर्फ कुठल्या पाण्याचा, चरकात घालण्याआधी ऊस कशानं धुतला, हे कोण विचारतो? ज्या वाटेनं कावीळ घरात आली, त्याच वाटेवरचं पेय औषध म्हणून आणलं जातं.

पाजायचं की बंद करायचं

जुलाब लागले की 'पोटाला आराम द्या, पाणी देऊ नका, दिलं की लगेच बाहेर पडतं' असं सांगणाऱ्या आज्या-मावश्या अजून आहेत. घरगुती उपचारांतला सर्वांत घातक गैरसमज मी याला म्हणेन. जुलाबात मूल दगावतं ते पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळं. त्यावरचं औषधही घरगुतीच आहे: जलसंजीवनी.

१९७१मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. ते आकडे बघूनही अनेक तज्ज्ञांचा विश्वास बसायला काळ जावा लागला, कारण उपाय फारच साधा होता. २०२३मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यात साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या अस्तरातून सोडियम आत जाताना ग्लुकोजची साथ लागते आणि त्या जोडीमागून पाणी ओढलं जातं. म्हणून नुसतं मिठाचं पाणी चालत नाही आणि शीतपेयं तर नकोच, त्यांतल्या जादा साखरेनं जुलाब वाढतात. दुकानातली ओआरएसची पुडी सर्वांत बरी. ती नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाटच. मिठाचा हात सैल सुटला तर लहान मुलाला ते अपायकारक ठरतं. सोबत पेज, मऊ भात, ताक, केळं चालू ठेवायचं आणि तान्ह्याचं अंगावरचं दूध एकदाही तोडायचं नाही.

तान्ह्याचा विषय निघालाच आहे तर मधाबद्दल. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नये, गुटीत घालून तर नाहीच. मधात कधीकधी बोट्युलिझमच्या जीवाणूचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या रुजतात आणि त्यांच्या विषानं बाळ लुळं पडू शकतं. शुद्ध, रानातला, ओळखीच्या माणसाकडचा मध असला तरी धोका तोच. गुटीचे वेढे मोजून देणाऱ्या बायका प्रमाणाच्या बाबतीत काटेकोर असत, हे मान्य. पण पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही लागत नाही, त्यात गुटीही आली. कापूरही बाळापासून लांब ठेवावा. पोटात गेलेल्या थोड्याशा कापरानंही लहान मुलाला झटके येतात. २०२१च्या करोनाच्या लाटेत ओवा-कापूर-लवंगेच्या पुरचुंड्या हुंगल्या जात होत्या, त्यांनी नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन मात्र वाढत नाही.

धान्याचा डबा, कपड्यांचं कपाट

तांदळाला बोरिक पावडर चोळून ठेवणं ही आपल्याकडची इतकी रुळलेली पद्धत आहे की त्यात काही वावगं आहे असं वाटतच नाही. बोरिक हे कीटकांचं विष आहे, म्हणून तर पोरकिडे मरतात. अन्नात घालायला त्याला परवानगी नाही. तांदूळ धुतल्यावर बरंचसं निघून जातं, सगळं नाही. ज्या घरात तांदूळ एकदाच विसळून टाकतात तिथं तर नाहीच नाही. वर्षाचं धान्य भरायचंच असेल तर कडक उन्हात वाळवून, गार करून, घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावं. डाळीला एरंडेलाचा हात आणि डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला ही जुनी रीत बोरिकपेक्षा कितीतरी शहाणी आहे.

डांबराच्या गोळ्या कपाटात शोभतात, बाळाच्या कपड्यांत नाही. थोरल्याची झबली-दुपटी गोळ्या घालून बांधून ठेवलेली असतात आणि धाकट्याच्या जन्मानंतर गाठोडं सोडून तशीच वापरली जातात. ज्या बाळांत जी-सिक्स-पीडी हे विकर जन्मतः कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनच्या वाफेनं फुटतात आणि तीव्र कावीळ होते. कपडे धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय बाळाला घालू नयेत.

पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ खाली बसतो आणि पाणी नितळ दिसतं. नितळ म्हणजे शुद्ध नव्हे. गाळाबरोबर काही जंतू तळाशी जातात, उरलेले पाण्यातच राहतात. निवळलेलं पाणी ओतून घेऊन उकळायचं किंवा त्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे. तुरटी ही पहिली पायरी आहे.

आणि मोरी घासताना ब्लीचिंग पावडरवर ॲसिड ओतू नका. दोन्ही मिळून दुप्पट स्वच्छता होत नाही, क्लोरीन वायू होतो. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो.

तांबं, पितळ आणि कल्हई

सध्या जुन्या भांड्यांना पुन्हा बरे दिवस आले आहेत. मॉलमध्ये पितळी पातेली चढ्या भावानं विकली जातात आणि 'आपल्या पणज्या यातच दूध तापवायच्या' हे त्यांचं प्रमाणपत्र असतं. तापवायच्या, खरंच. आणि त्याच दुधाशी जोडलेली एक दुःखद गोष्ट पुण्यातच उलगडली.

लहान मुलांचं यकृत दगडासारखं कडक होत जाऊन पोट फुगायचं आणि मूल काही महिन्यांत जायचं, असा एक आजार भारतात होता. वैद्यकीय पुस्तकांत तो 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' नावानं नोंदला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर ऐंशीच्या दशकात त्याचा माग काढला. या मुलांच्या यकृतात तांबं बेसुमार साचलेलं होतं. घरोघरच्या खाण्यापिण्याची चौकशी केल्यावर दिसलं की आजारी मुलांना अगदी लहान वयात वरचं दूध सुरू झालं होतं, आणि ते बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलं किंवा ठेवलं जात होतं. दुधातली प्रथिनं तांबं धरून ठेवतात आणि ते बाळाच्या यकृतात जाऊन बसतं. शरीराची जन्मजात ठेवणही त्याला हातभार लावत असावी. पालकांना भांडी बदलायला सांगितलं गेलं, घराघरांत स्टील आलं, आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला.

जुन्या बायकांना यातलं रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण पितळेत ताक कळकतं आणि आंबट ठेवलं की मळमळतं, हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दारोदार कल्हईवाला फिरायचा. भांडं भात्यावर तापवून, नवसागर टाकून तो कथलाचा पातळ थर आतून फिरवायचा. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळं रिकामं भांडं गॅसवर राहिलं तरी कल्हई जाते. घासूनघासूनही जाते. कल्हईवाले कमी झाले, भांडी तेवढी उरली.

तांब्याच्या तांब्यात रात्रभर ठेवलेलं पाणी पिण्याबद्दल विचाराल, तर त्यात तथ्य आहे. तांब्याच्या संपर्कात जुलाबाचे काही जीवाणू मरतात, हे प्रयोगांतून दिसलं आहे. साध्या पाण्यात उतरणारं तांबं सहसा जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेल्या लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या मर्यादेत राहतं. मात्र त्यात लिंबू पिळायचं नाही, ताक-सरबत ठेवायचं नाही.

पितळी पातेलं हौसेनं आणलंच असेल तर स्वयंपाकाआधी कल्हई करून घ्या, आणि ती शुद्ध कथलाची आहे ना ते विचारा, कारण स्वस्तात उरकण्यासाठी त्यात शिसं मिसळलं जातं. आतून पिवळं-तांबूस दिसू लागलं की भांडं पुन्हा कल्हईला द्यायचं. तोवर त्यात दूध, ताक, चिंच, आमसूल काही नको.