मिठाच्या वाळवंटात

वाण्याच्या यादीत मीठ आपण नेहमी शेवटी लिहितो. पण आपल्या कोकणात मिठावाचून आगोटच भरत नाही. खारे बांगडे, आमसुलं, मिठाच्या पाण्यातले आंबे, सगळ्यालाच खडे मीठ लागतं. आपल्या वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याची मिठागरं आपल्याला ठाऊक आहेत. १९३० च्या मे महिन्यात तिथे मिठाचा सत्याग्रह झाला होता. भरतीचं पाणी खाडीतून आत घ्यायचं, कोंड्यांत अडवायचं आणि उन्हात आटवायचं, ही आपल्याकडची रीत. पण समुद्र नजरेलाही पडत नाही अशा वाळवंटात मीठ पिकतं, हे आमच्या महिला मंडळाच्या सहलीत बघायला मिळालं.

अहमदाबादहून दोन-अडीच तासांवर पाटडी गाव आहे. त्याच्या पुढे कच्छचं छोटं रण सुरू होतं. १९७३ साली इथे रानगाढवांसाठी अभयारण्य झालं. सुमारे ४९५४ चौरस किलोमीटरचं! झाड नाही, गवताची काडी नाही, नुसती भेगाळलेली जमीन आणि मधूनच डोळे दिपवणारे पांढरे चौकोन. आमच्यातली एक आजी म्हणाली, ''गो बाय, ह्यां मीठ की बर्फ?''

पावसाळ्यात हे रण पाण्याखाली असतं. पाणी ओसरलं की नवरात्रानंतर आगरिया कुटुंबं मुलाबाळांसह इथे येतात आणि सात-आठ महिने झोपडीत राहतात. जमिनीखालचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही कितीतरी पट खारट असतं. विहीर खणून ते पंपाने उपसायचं आणि एका कोंडीतून दुसरीत फिरवत आटवायचं. खडे धरू लागले की लाकडी दाताळ्याने रोज ओढत राहायचं, नाहीतर मिठाचा थर दगडासारखा बसतो. उन्हाळ्यात रास लागते. अवकाळी पाऊस आला, तर महिन्यांची मेहनत पाण्यात विरघळून जाते.

एका झोपडीत आम्हाला चहा मिळाला. प्यायचं पाणी तिथे टँकरने येतं, तरी तिने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला. माझ्याच वयाची ती बाई, पण टाचा पार फाटलेल्या, पिंडऱ्या लाकडासारख्या कडक. मी विचारलं, ''पायांत गमबूट नाही घालत?'' ती हसून म्हणाली, ''बेन, मिळतात तेव्हा घालतो. फाटले की पाय आहेतच.'' आगरियांचे पाय म्हणे चितेवरही नीट जळत नाहीत, इतकं मीठ त्यांत मुरलेलं असतं. हे ऐकल्यावर आमच्यातली एकही बोलली नाही.

पैशाचं विचारलं, तर हिशेब किलोला पैशांत! त्यातून व्यापाऱ्याची उचल फेडायची. पूर्वी निम्मीशिम्मी कमाई पंपाच्या डिझेलमध्येच जायची. आता बऱ्याच जणांकडे सौर पंप आलेत. इलाबेन भट यांच्या 'सेवा' संस्थेने बायकांना त्यासाठी कर्ज मिळवून दिलं. बाईच्या नावावर पंप आला, की घरात तिचा शब्दही चालतो, हे आपल्या बचत गटांत आपणही पाहिलंय.

पण जमिनीचं काय? पिढ्यान्‌पिढ्या इथे मीठ पिकवूनही आगरियांच्या नावे सातबारा नाही. हक्काच्या यादीत नाव नाही म्हणून अलीकडच्या वर्षांत अनेकांना रणात जाण्यापासून अडवलंही गेलं. रानगाढवं १९७६ साली ७२० होती, २०२४ च्या गणनेत ती ७६७२ भरली. आनंदाचीच गोष्ट आहे ही. मुक्या जनावराची इतकी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेला तिथल्या बाईचं नाव कागदावर लिहिणं जड का जावं?

रणात जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. डोक्याला स्कार्फ, डोळ्यांना गॉगल हवाच. फोटो जरूर काढा, पण दाताळं ओढणाऱ्या बाईशी दोन शब्द बोला. आणि कच्छ लांब वाटत असेल, तर शिरोडं दारातच आहे. तिथली मिठागरं आता मोजकीच उरली आहेत. पाऊस लागण्याआधी मुलांना घेऊन जा. खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण मुलांना सांगतो. ते पिकवतं कोण, हेही त्यांना कळू दे.