मोरीत बसून रिमचा रंग काढू नका



एका रविवारी दुपारी शेजारच्या गल्लीतल्या एक ताई धावत घरी आल्या. "सिस्टर, लवकर चला, पोरगं मोरीच्या दारात चक्कर येऊन पडलंय." पोरगा २२ वर्षांचा, भाड्याची गाडी चालवणारा. नुकतीच जुनी गाडी हप्त्यावर घेतलेली. तिच्या अलॉय व्हीलच्या काळ्या रंगाचे पोपडे निघू लागले होते. चार चाकांचा रंग काढून नवा मारायचे दुकानदाराने सांगितलेले पैसे परवडेनात, म्हणून त्याने हार्डवेअरच्या दुकानातून पेंट रिमूव्हर आणले आणि मोरीत उकिडवा बसून कामाला लागला. वास घरात नको म्हणून दार लावून घेतलेले.

मी पोहोचले तेव्हा तो बाहेर ओट्यावर बसला होता. डोके ठणकत होते, मळमळत होते, बोलणे दारू प्यायल्यासारखे. त्याच्या बहिणीने कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर बोटाला लावला होता. "सिस्टर, ९८ आहे, म्हणजे बरंच आहे ना?"

या ९८ आकड्यासाठीच आजचा लेख लिहिते आहे.

आधी रंगाविषयी थोडे. चाकावरचा हा रंग ब्रशने मारलेला नसतो. प्लास्टिकच्या जातीची कोरडी पावडर विजेच्या भाराने रिमला चिकटवतात आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंशांवर भाजतात. पावडर वितळते आणि तिचे कण एकमेकांत कायमचे गुंततात. त्यामुळे पावडर कोटिंग थिनरने निघत नाही, पॉलिश पेपरने घासून हात दुखतात. मग कोणीतरी सांगते, "एमडीसीवालं रिमूव्हर आण, दहा मिनिटांत सुटतं." ते खरेच सुटते. एमडीसी म्हणजे मिथिलीन क्लोराईड, दुसरे नाव डायक्लोरोमिथेन. ते थरात शिरते, थर फुगतो आणि सुरकुतून वर येतो.

हे द्रव्य सुमारे ४० अंशांवर उकळते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात डब्याचे झाकण उघडले की भराभर उडू लागते. त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते, म्हणून ती वर न जाता जमिनीलगत साठते. उकिडवा बसलेल्या माणसाचे नाक नेमके तिथेच असते. एका खोलीच्या घरात जमिनीवर अंथरुणात झोपवलेले बाळही तिथेच असते.

मी एक हिशेब केला. मोरी ४ बाय ६ फूट, उंची ७ फूट, दार बंद. त्यात कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढे, ५० मिलि मिथिलीन क्लोराईड उडाले, तर हवेत दर दहा लाख भागांत सुमारे ४,००० भाग वाफ होते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने जिवाला तत्काळ धोका मानलेली पातळी २,३०० आहे. कामगाराने आठ तासांत सरासरी २५ च्या वर श्वासात घेऊ नये, असा तिथला जुना नियम. वास गोडसर असतो आणि तो नाकाला कळेपर्यंत हवा या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते. म्हणून "वास सहन होतोय तोवर चालेल" हे गणित इथे लागू पडत नाही.

ही भीती कागदावरची नाही. अमेरिकेत बाथटबचा जुना रंग काढणारे कारागीर असेच बंद न्हाणीघरात वाकून काम करत. २००० ते २०११ या काळातील अशा १३ कारागिरांच्या मृत्यूंची नोंद तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे २०१९ मध्ये घरगुती ग्राहकांना असे रिमूव्हर विकायला तिथे बंदी आली. युरोपात ती त्याआधीच होती.

आता ऑक्सिमीटरकडे येऊ. मिथिलीन क्लोराईड दोन तऱ्हांनी मारते. एक तर ते भूल दिल्यासारखे मेंदू मंद करते, माणूस उठून दार उघडायच्या आत कोसळतो. दुसरे, शरीरात गेल्यावर यकृतात त्याचा कार्बन मोनॉक्साईड बनतो, म्हणजे बंद खोलीत शेगडी पेटवल्यावर जो वायू जीव घेतो तोच. तो हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. बोटाला लावायच्या साध्या ऑक्सिमीटरला हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत. कार्बन मोनॉक्साईडने भरलेले रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलेच दिसते, आणि तो खुशाल ९८ दाखवतो. शिवाय हे द्रव्य चरबीत साठते आणि सावकाश बाहेर येते. त्यामुळे बाहेर मोकळ्या हवेत आल्यावरही काही तास विष बनत राहते. हृदयविकार असलेले, गरोदर बायका, आणि आपल्या घरोघरी आहेत त्या रक्त कमी असलेल्या बायका, यांना थोडेही जास्त बाधते.

मुलाला आम्ही ताबडतोब दवाखान्यात नेले. डबा सोबत घेतला. डॉक्टरांना सांगितले, "यात मिथिलीन क्लोराईड आहे, रक्तातले कार्बॉक्सीहिमोग्लोबिन बघा." हा शब्द कागदावर लिहून ठेवा. ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतले, दुसऱ्या दिवशी घरी आला.

असे कोणी आत पडलेले दिसले तर लगेच आत शिरू नका, वाचवायला गेलेलाही पडतो. दार-खिडक्या सताड उघडा, गॅस आणि विडी विझवा, कारण ज्योतीवर या वाफेचे फॉस्जीनसारखे विषारी वायू होतात. आत जाणे भागच असेल तर श्वास रोखून जा, ओढून बाहेर आणा आणि १०८ ला फोन करा. भिजलेले कपडे काढा. अंगावर, डोळ्यांत गेले असेल तर किमान १५ ते २० मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेले असेल तर उलटी करवू नका.

रुमाल किंवा एन-९५ मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. माझ्या ओळखीच्या पोरांना वाटते दवाखान्यातले हातमोजे घातले की झाले. त्या रबरातून हे द्रव्य काही मिनिटांत आरपार जाते आणि मोज्याच्या आत कातडीला भाजत राहते.

"मग मॅडम, कॉस्टिक सोडा वापरू का?" असेही विचारतात. अजिबात नको. अलॉय व्हील ॲल्युमिनियमचे असते. कॉस्टिक ते खातो, उकळी फुटल्यासारखा तापतो आणि हायड्रोजन वायू सोडतो. रिम तर जातेच, एक थेंब डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते. ब्लो टॉर्चने जाळणे त्याहून वाईट. धूर तर विषारी आहेच, पण कारखान्यात तापवून-थंड करून रिमला दिलेली ताकद त्या आचेने निघून जाते. वरून चाक चांगले दिसते आणि खड्ड्यात तडकते. नदीच्या वाळूने ब्लास्टिंग करणाऱ्याकडेही उभे राहू नका. ती बारीक धूळ फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही.

घरीच करायचे असेल तर डब्यावर बेंझिल अल्कोहोल लिहिलेले रिमूव्हर मागा. मिथिलीन क्लोराईड, डायक्लोरोमिथेन, एमडीसी किंवा ७५-०९-२ हा क्रमांक दिसला तर डबा परत करा. लेबलच नसलेला सुटा माल घेऊ नका. बेंझिल अल्कोहोलला दहा मिनिटांऐवजी रात्रभर लागते, कधी दोनदा लावावे लागते. तेही डोळ्यांना झोंबते, म्हणून चष्मा आणि जाड हातमोजे हवेतच. टायर दुकानातून उतरवून घ्या. अंगणात किंवा मैदानात, वारा पाठीमागून येईल असे बसा. जाड थर लावा, वर प्लास्टिक गुंडाळा, सकाळी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. टायर बसतो त्या कडेवर लोखंडी पट्टी चालवू नका, ओरखड्यातून हवा गळते. पोरांना आणि शेळ्या-कोंबड्यांना तिकडे फिरकू देऊ नका.

निघालेला चिकट लगदा गटारात किंवा बोअरच्या जवळ टाकू नका. जुन्या डब्यात भरा, झाकण लावा, आणि गॅरेजवाल्याचा धोकादायक कचरा उचलणारा कोणी असेल तर त्याच्याकडे द्या.