चाळीस फेऱ्यांचं यंत्र

कोरोनाच्या साथीत, 2020 च्या उन्हाळ्यात, डोंबिवलीतल्या सोसायट्यांमध्ये एकच प्रश्न कानावर यायचा, "रिपोर्ट आला का?" नाकात घातलेल्या त्या काडीचं पुढे काय झालं, हे मात्र कोणी विचारायचं नाही. सुरुवातीला आपल्याकडचे नमुने मुंबईला जात. मग जुलैत कल्याणच्या गौरीपाड्यात महापालिकेची प्रयोगशाळा उभी राहिली. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा निवाडा गावातच होऊ लागला.

निवाडा करणारं आरटीपीसीआरचं यंत्र दिसायला अगदीच साधं, टेबलावर मावणारं खोकं. काम त्याहून साधं: तापवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं. सोबत एक दिवा आणि उजेड मोजणारा डोळा. विषाणू म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. खरी करामत आहे ती न्यूक्लिइक आम्लांच्या बांधणीत.

ही बांधणी समजायला मध्य रेल्वेचा प्रवासी फार दूर जायला नको. डीएनए म्हणजे शेजारून जाणाऱ्या दोन मार्गिका, एक अप, एक डाऊन. दोघींची दिशा उलट, आणि दोन्ही मिळून एकमेकींभोवती पिळलेल्या. प्रत्येक मार्गिका साखर आणि फॉस्फेट आलटून पालटून जोडून झालेली. साखरेच्या प्रत्येक रेणूला एक अक्षर लटकलेलं: ए, टी, जी किंवा सी. ए समोर टीच येणार, जी समोर सीच. (पहिली आगगाडी ठाण्याला आली 16 एप्रिल 1853 ला, वॉटसन-क्रिक यांचा दुहेरी पिळाचा लेख छापून आला 25 एप्रिल 1953 ला. शंभर वर्षं आणि वर नऊ दिवस! योगायोगच, पण ठाणेकराने सोडू नये असा.)

यंत्राच्या उपयोगाची मेख पुढे आहे. मार्गिकेतले साखर-फॉस्फेटचे जोड पक्के असतात, समोरासमोरच्या अक्षरांमधले मात्र कच्चे. ए-टीमध्ये दोन हायड्रोजन बंध, जी-सीमध्ये तीन. 95 अंशांवर हे कच्चे बंध सुटतात, पक्के तसेच राहतात. निववलं की सुटलेली अक्षरं पुन्हा आपापला जोडीदार शोधतात. पेशीही हेच करते, फक्त न तापवता, विकरांच्या मदतीने: पीळ उकलायचा, हव्या त्या मजकुराची आरएनए नक्कल काढायची आणि तिची तीन-तीन अक्षरं वाचत प्रथिन विणायचं.

कोरोना विषाणूचा मजकूर आरएनएमध्ये असतो, एकेरी धाग्यावर, सुमारे 30 हजार अक्षरांचा. आरएनएत टीच्या जागी यू, आणि साखरेवर डीएनएपेक्षा एक ऑक्सिजन जास्त. एवढ्याशा फरकाने हा रेणू नाजूक होतो. बोटांवरच्या विकरांनीही त्याचे तुकडे पडतात. बर्फाच्या डब्यातून नमुने नेण्याची ती धावपळ बरीचशी याच्यासाठी होती.

म्हणून आधी आरएनएवरून डीएनए उतरवून घ्यायचा. असं उलटं लिहिणारं विकर 1970 मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं. मग मजकुराच्या ठरावीक जागी चिकटणारे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, टाकायचे. 95 अंशांवर मार्गिका सुटतात, 60 च्या आसपास प्रायमर बसतात आणि नक्कल पुरी होते. एकाच्या दोन, दोनाच्या चार. ही कल्पना कॅरी मलिसची, 1983 सालची. एवढ्या उष्णतेत न बिघडणारं विकर मिळालं अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांतल्या जिवाणूकडून. आपल्या वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं त्या झऱ्यांपुढे कोमटच म्हणायची.

तापवणं-निववणं मिळून एक फेरी. अशा चाळीस फेऱ्यांना साधारण तेवढाच वेळ लागतो, जेवढा कल्याणहून सीएसएमटीला जायला स्लो लोकल घेते. दर फेरीला दुप्पट, म्हणजे एका तुकड्याचे चाळिसाव्या फेरीअखेर कागदावर एक लाख कोटींहून जास्त. जुळणी झाली की चकाकणारा रंगही आत असतो. चकाकी कितव्या फेरीला दिसली, तो आकडा म्हणजे सीटी व्हॅल्यू. तेव्हा व्हॉट्सॲपवर लोक ही व्हॅल्यू दहावीच्या टक्क्यांसारखी पाठवत. फरक इतकाच की इथे आकडा लहान असेल तर विषाणू जास्त.

4 डिसेंबर 2021 ला कोरोनाच्या ओमायक्रॉन या नव्या प्रकाराचा महाराष्ट्रातला पहिला बाधित डोंबिवलीत सापडल्याचं जाहीर झालं, दक्षिण आफ्रिकेहून आलेला एक प्रवासी. ते ठरलं पूर्ण मजकूर वाचून, जनुकीय क्रमनिर्धारणाने. पण त्या काळात साधी चाचणीही काही ठिकाणी आधीच कुजबुजत होती. काही किट विषाणूच्या तीन जागा तपासतात. ओमायक्रॉनच्या सुरुवातीच्या प्रकारात काटेरी प्रथिनाच्या मजकुरातली सहा अक्षरं गळालेली होती, नेमकी एका तुकड्याने चिकटायच्या जागची. तीस हजारांतली सहा! दोन खुणा चकाकत, तिसरी गप्प. त्या गप्प राहण्यावरूनच जाणकार सावध होत.

फेऱ्या संपल्यावर त्या नळ्या कोणी उघडत नाही. झाकण उघडलं तर आतल्या नकला हवेत पसरून दुसऱ्याच्या नमुन्यात शिरायच्या आणि निरोगी माणूस पॉझिटिव्ह ठरायचा. म्हणून कोट्यवधी नकलांसकट, झाकणबंदच, त्या कचऱ्यात जातात.