एकट्याचा अँटिव्हायरस

एकट्या प्रोग्रामरने स्वतंत्र अँटिव्हायरस लिहायला घेणं यात वेडेपणा काहीच नाही, कारण या धंद्याची सुरुवातच तशी झाली. आइसलँडमध्ये फ्रिद्रिक स्कुलासन यांनी १९८९मध्ये एफ-प्रॉट लिहिलं, रशियात इगोर दानिलोव यांनी डॉक्टर वेब. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीतून पुढे आलेल्या कैलाश काटकर यांच्याकडे संगणक दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा त्यांतले व्हायरस काढायला त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी छोटे छोटे प्रोग्राम लिहिले. नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यातूनच क्विक हील उभं राहिलं आणि २०१६मध्ये ती कंपनी शेअर बाजारात आली. तेव्हा जमलं ते आज का जमत नाही, याचं उत्तर बहुतेक जण एका आकड्यात देतात. एव्ही-टेस्ट ही जर्मन संस्था दिवसाला साडेचार लाखांहून अधिक नव्या घातक किंवा नको असलेल्या प्रोग्रामांची नोंद करते. एकटा माणूस त्यांना कुठे पुरणार? हे उत्तर मला अपुरं वाटतं. वाईट फाईलींची संख्या ही एकट्याची खरी अडचण नाहीच. तो अडतो चांगल्या फाईली ओळखताना.

जुना काळ सोपा का होता ते आधी पाहू. मायकेलअँजेलो हा तेव्हाचा गाजलेला व्हायरस फ्लॉपीवरून यायचा आणि हार्ड डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये, म्हणजे ५१२ बाइटच्या जागेत, जाऊन बसायचा. तारीख ६ मार्च असेल आणि संगणक सुरू केला, तर डिस्कवरचा मजकूर तो पुसत सुटायचा. पण मूळ सेक्टर तो डिस्कवरच दुसरीकडे हलवून ठेवायचा. म्हणजे इलाज करणाऱ्याने पहिला सेक्टर वाचायचा, त्यात व्हायरसची ठरावीक बाइटमाला दिसते का ते बघायचं, दिसली तर हलवलेला सेक्टर शोधून जागेवर आणायचा. हे काम हुशार विद्यार्थी असेंब्ली भाषेत थोड्या दिवसांत करू शकत असे. मुख्य म्हणजे चूक होण्याची शक्यता नगण्य होती. डॉसच्या संगणकावर पहिल्या सेक्टरमध्ये काय असायला हवं ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्या प्रोग्रामांवर विनाकारण संशय येईल असे प्रोग्रामही मोजकेच होते.

आज वाईट फाईली मिळवणं उलट सोपं झालं आहे. स्वित्झर्लंडमधून सुरू झालेल्या अब्यूझ डॉट सीएच या प्रकल्पाच्या मालवेअरबझारवर ताजे नमुने कुणालाही उतरवून घेता येतात. व्हायरस ओळखायच्या बाइटमाला, म्हणजे सिग्नेचर, लिहायला यारा हे टूल मोफत आहे. क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसचं इंजिन तर उघड्या कोडसह हाताशी आहे. त्यामुळे चार-सहा महिने नेटाने काम केलं, तर ठरावीक नमुन्यांपैकी बहुतेक पकडणारा स्कॅनर एकटा माणूस नक्की उभा करतो. आपण जिंकलो असं त्याला इथेच वाटतं, आणि खरी परीक्षा इथूनच सुरू होते.

विंडोजच्या साध्या संगणकावर लाखभर फाईली सहज असतात. स्कॅनर लाखात एकदाच चुकतो असं धरलं, तरी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरी एक निर्दोष फाईल आरोपी ठरते. ती एखाद्या खेळाची असेल तर तक्रार येईल. विंडोजची असेल तर संगणकच उभा राहणार नाही. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीमधली एसव्हीसीहोस्ट ही अत्यावश्यक फाईल व्हायरस ठरवली, आणि जगभरातले संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले, त्यांचं नेटवर्क तुटलं. हे घडलं प्रचंड मनुष्यबळाच्या कंपनीकडून. एकट्याच्या हातून असं घडलं, तर रात्री फोन घ्यायलाही दुसरं कुणी नसतं.

ही चूक निव्वळ निष्काळजीपणातून होते असंही नाही. फ्रेड कोहेन यांनी ऐंशीच्या दशकातच दाखवून दिलं की कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी बिनचूक सांगणारा प्रोग्राम असूच शकत नाही. त्यांचा युक्तिवाद समजायला सोपा आहे. असा बिनचूक परीक्षक आहे असं धरा. मग एक प्रोग्राम लिहा, जो त्या परीक्षकाला स्वतःबद्दलच विचारतो: उत्तर ‘व्हायरस’ आलं तर गप्प बसतो, ‘निर्दोष’ आलं तर पसरू लागतो. परीक्षक काहीही म्हणाला तरी चुकतोच. त्यामुळे प्रत्येक अँटिव्हायरस शेवटी अंदाज बांधतो, आणि अंदाज किती चांगला हे किती चांगल्या फाईली पाहिल्या आहेत यावर ठरतं. मोठ्या कंपन्यांपाशी कोट्यवधी संगणकांवरून येणारी माहिती असते: ही फाईल किती ठिकाणी आहे, कधीपासून आहे, कुणाच्या डिजिटल सहीची आहे. एकट्यापाशी स्वतःचे एक-दोन लॅपटॉप असतात.

यावर पहिला आक्षेप येतो तो मशीन लर्निंगचा: सिग्नेचर सोडा, मॉडेल शिकवा. पण मॉडेलला शिकवायला वाईट फाईली लागतात तशा चांगल्याही लागतात, आणि त्या गिऱ्हाइकाकडे खरोखर असतात तशा लागतात. विंडोजबरोबर आलेल्या फाईलींवर शिकलेलं मॉडेल सांगलीतल्या एखाद्या दुकानाचं बिलिंग सॉफ्टवेअर बघून बिचकणार, कारण ते त्याने कधी पाहिलेलं नसतं. दुसरा आक्षेप असा की फाईल कशी आहे ते सोडून ती काय करते ते बघावं. हा विचार योग्य आहे, पण बॅकअपचा प्रोग्रामही हजारो फाईली भराभर वाचून सांकेतिक रूपात लिहितो आणि खंडणीखोर रॅन्समवेअरही तेच करतं. डिजिटल सही बघून सोडावं, तर २०१०मध्ये उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रोग्रामच्या ड्रायव्हरांवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या नामांकित कंपन्यांच्या प्रमाणपत्रांच्या सह्या होत्या. कोणत्याही वाटेने गेलं तरी निर्दोष कोण हा प्रश्न वाटेत उभाच राहतो.

आणखी एक अडथळा परवानगीचा आहे, आणि एकट्या प्रोग्रामरांचा सगळ्यात जास्त राग त्यावरच असतो. फाईल उघडण्याआधी तपासायची, तर अँटिव्हायरसला विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, ड्रायव्हर बसवावा लागतो. आपण फाईलवर डबल क्लिक करतो, ती विनंती कर्नलमध्ये थांबते, ड्रायव्हर ती स्कॅनरकडे पाठवतो, आणि उत्तर येईपर्यंत सगळं खोळंबतं. हे दिवसात लाखो वेळा, वापरणाऱ्याला न जाणवता व्हायला हवं. असा ड्रायव्हर २०१६पासून मायक्रोसॉफ्टच्या सहीशिवाय नव्या विंडोजवर चढत नाही. त्यासाठी महागडं प्रमाणपत्र लागतं, आणि तेही नोंदणीकृत व्यवसायाची पडताळणी झाल्यावरच मिळतं. अँटिव्हायरसला घातक प्रोग्रामांनी बंद पाडू नये म्हणून विंडोज जे खास संरक्षण देते, त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या मंडळाचं सदस्यत्व लागतं, आणि सदस्यत्वासाठी स्वतंत्र चाचणी संस्थांची मान्यता. एकच फाईल अनेक अँटिव्हायरसांकडून तपासून देणाऱ्या व्हायरसटोटलनेही मे २०१६मध्ये नियम कडक केले: इतरांचे निकाल वापरायचे, तर आपलाही स्कॅनर तिथे सर्वांसाठी लावावा लागेल.

ही मक्तेदारी आहे, असं म्हणतात. मायक्रोसॉफ्ट स्वतःच डिफेंडर हा अँटिव्हायरस बनवते, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही मी दारावरच्या या पहाऱ्याच्या बाजूने आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या कर्नलमध्ये चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका सदोष अपडेटने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले; भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कर्नलमध्ये शिरणाऱ्याची कसून तपासणी व्हावी याला याहून मोठा पुरावा नको. चाचणी संस्थाही स्कॅनर किती व्हायरस पकडतो याच्या जोडीला किती निर्दोष फाईली अडवतो हे मोजतात, म्हणजे परवान्याची ही अडचणही फिरून मूळ प्रश्नावरच येते.

मग क्लॅमएव्हीचं काय? पोलंडच्या तोमाश कोइम यांनी सुरू केलेला तो प्रकल्प २००७मध्ये सोर्सफायरने घेतला, आणि २०१३मध्ये सोर्सफायरसकट तो सिस्कोकडे गेला. पण त्याचं मुख्य काम मेल सर्व्हरवरचं होतं. चुकून अडवलेली जोडपत्राची फाईल परत मागवता येते, संगणक मरत नाही. सिग्नेचर लिहायलाही स्वयंसेवकांची फळी होती. एकट्याने जिथे खरोखर बाजी मारली, तिथे त्याने निवाडा करण्याचंच टाळलं आहे. नेदरलँड्सच्या मेरेन बेलेकोम यांचं हायजॅकधिस हे टूल ब्राउझर आणि विंडोज कुठे कुठे बदलले जाऊ शकतात त्या जागांची यादी समोर ठेवायचं, ठरवायचं जाणत्या माणसाने. २००७मध्ये ते ट्रेंड मायक्रोने घेतलं. पॅट्रिक वॉर्डल यांचं मॅकसाठीचं नॉकनॉक हेच करतं: संगणक सुरू होताना आपोआप काय काय चालू होतं ते दाखवतं. संस्थेचं उदाहरण घ्यायचं, तर हैदराबादच्या सीडॅकचं यूएसबी प्रतिरोध प्रामुख्याने कोणतं यूएसबी उपकरण जोडू द्यायचं ते सांभाळतं. स्वतःच्या बळावर उतरू पाहणाऱ्या तरुणाला माझा सल्ला हाच राहील: संपूर्ण अँटिव्हायरसच्या मागे न लागता एक जागा निवडावी आणि ती पूर्ण जाणावी.

पण सगळा भार त्याच्यावर टाकून चालणार नाही. अमेरिकेची एनआयएसटी ही सरकारी संस्था ओळखीच्या सॉफ्टवेअरमधल्या फाईलींचे हॅश, म्हणजे डिजिटल ठसे, जमवून सर्वांना मोफत देते. त्या यादीत आपल्याकडचे मराठी टायपिंगचे प्रोग्राम, सहकारी पतसंस्थांची हिशेबाची सॉफ्टवेअर, सरकारी अर्ज भरायची टूल्स सापडतील अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, आणि खोट्या इशाऱ्याचा फटका नेमका असल्या कमी खपाच्या प्रोग्रामांना बसतो. केंद्र सरकारने २०१७मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. तिथून नागरिकांना बॉट काढायची मोफत टूल्स मिळतात. त्याच केंद्राने भारतीय सॉफ्टवेअरच्या पडताळलेल्या निर्दोष फाईलींचा खुला संग्रह उभारावा, आणि आपल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांनी प्रत्येक नव्या आवृत्तीची एक प्रत तिथे जमा करावी.