उपाशीपोटी साखर येते कुठून?

आषाढी एकादशीला छत्रपती संभाजीनगरातून असंख्य भाविक वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला पायी जातात. नवरात्रात कर्णपुऱ्याच्या देवीला पहाटेपासून रीघ लागते. रमजानमध्ये तर शहरातील अनेक घरांत सहेरीपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याचा थेंबही घेतला जात नाही. इतके तास पोट रिकामे असूनही निरोगी माणसाच्या रक्तातील साखर फारशी हलत नाही; १०० मिलिलिटरमागे ती साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम राहते. (साबुदाण्याच्या खिचडीवरचा उपवास येथे गृहीत धरलेला नाही, साखरेच्या हिशेबात ते भरपेट जेवणच!)

प्रौढ माणसाच्या संपूर्ण रक्तात मिळून जेमतेम चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर असते. एकट्या मेंदूलाच दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम लागते. ही तूट भरून काढण्याचे काम यकृताचे. हुकूम मात्र स्वादुपिंडाचा. स्वादुपिंडातील पेशींच्या ज्या बेटांचे वर्णन पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये प्रथम केले, त्यांतूनच इन्शुलिन आणि ग्लुकॅगॉन ही दोन परस्परविरोधी संप्रेरके स्रवतात. जेवणानंतर इन्शुलिन वाढते व साखर साठवली जाते. काही तासांनी ते ओसरते, ग्लुकॅगॉनचे पारडे जड होते आणि यकृत आपल्याजवळचे ग्लायकोजेन मोडून साखर रक्तात सोडू लागते. हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा, फार तर एका दिवसाचा. तो संपण्यापूर्वीच अमिनो आम्ले, लॅक्टेट व ग्लिसरॉल यांपासून नवी साखर घडवणे यकृताने सुरू केलेले असते.

उपवासातही इन्शुलिन पूर्णपणे थांबत नाही. त्याचा अल्पसा स्राव यकृताला लगाम घालतो. टाइप २ मधुमेहात हा लगाम सैल पडतो. त्यातच पहाटे कॉर्टिसॉल वाढते, रात्री झोपेत स्रवलेल्या वाढीच्या संप्रेरकाचा परिणामही याच सुमारास जाणवतो, आणि दोन्ही इन्शुलिनला जुमानत नाहीत. म्हणूनच ‘रात्री जेवलोच नाही, तरी सकाळी साखर १५० कशी?’ हा रुग्णांचा नेहमीचा प्रश्न. ती साखर ताटातली नसते, यकृतातली असते. तपासणीच्या आदल्या रात्री उपाशी राहून अहवाल सुधारण्याची धडपड त्यामुळे बहुधा व्यर्थ ठरते. मेटफॉर्मिन ही जुनी, स्वस्त गोळी मुख्यत्वे यकृताच्या याच उधळपट्टीला आवर घालते.

खरा धोका उलट बाजूचा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. पोट भरलेले आहे की रिकामे, हे ती पाहत नाही. टोचून घेतलेले इन्शुलिनही तसेच. अशा रुग्णाने नेहमीचाच डोस घेऊन निर्जळी किंवा रोजा धरला, तर दुपारनंतर साखर घसरू शकते. त्यामुळे औषधाची मात्रा व वेळ काही दिवस आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावी लागते. गोळी परस्पर बंद करणे हाही मार्ग नव्हे. साखर ७० च्या खाली गेल्यास उपवास तेथेच सोडावा लागतो. अशा वेळी ग्लुकॅगॉन व अॅड्रेनॅलिन धावून येतात. घाम, थरथर, धडधड ही अॅड्रेनॅलिनचीच हाक. मात्र अनेक वर्षे मधुमेह असलेल्यांमध्ये, विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्यांमध्ये, ही हाक क्षीण होत जाते आणि पूर्वसूचना न मिळताच शुद्ध हरपू शकते. त्यांना लक्षणांची वाट न पाहता दुपारी ग्लुकोमीटरवर थेंबभर रक्त तपासावे लागते.